दोनशिक्षकी शाळेत पोरांच्या हातात कामं सोपवताना

तुमच्या शाळेत पहिलीची पोरं ताट स्वतः धुतात, घंटा पोरंच वाजवतात, पुस्तकपेटीची चावी पण पोरांकडेच, हे कसं काय जमतं असं आमच्या केंद्रातले शिक्षक सारखं विचारतात, पालक पण विचारतात, आणि फोनवर दोन मिनिटांत सांगून होत नाही म्हणून एकदा सविस्तर लिहितेय. आमची शाळा अमळनेर तालुक्यातली, बोरी नदीच्या पट्ट्यात, जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी. शिक्षक दोनच, हेडसर आणि मी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे, आणि एक जण मीटिंगला नाहीतर ट्रेनिंगला गेला की चारही वर्ग एकाकडे. त्यामुळे लोकांना वाटतं की शिक्षक कमी पडतात म्हणून आम्ही पोरांना कामाला लावलं. तसं नाहीये. उलट सुरुवातीचे बरेच महिने आमचं काम वाढतंच, कारण जे आपण पाच मिनिटांत उरकतो ते पोरांना अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास आपल्याला हात बांधून उभं राहावं लागतं.

दुसरं म्हणजे खेड्यातल्या पोरांना काम येत नाही असं अजिबात नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या गावाला येऊन बघा. आईबाप सकाळी सातलाच फडक्यात भाकरी बांधून शेतात जातात, मागे तिसरीतली पोरगी पाणी भरते, लहान्याला जेवू घालते, त्याचं तोंड धुते, कधी कधी त्याला कडेवर घेऊनच शाळेत येते. आणि तिचाच दुसरीतला भाऊ हात हलवत येतो, त्याचं दप्तर पण तिच्याच खांद्यावर. म्हणजे पोरींवर ओझं आणि पोऱ्यांना काहीच नाही, ही एक गोष्ट झाली. पण मला जास्त खटकायचं ते हे की त्या पोरीला एवढं सगळं करूनही कशातच बोलायचा हक्क नाही, पाणी कधी भरायचं, भाऊ कोणी सांभाळायचा, शाळा बुडवायची की नाही, हे तिला कोणी विचारत नाही, तिने फक्त करायचं. याला मी जबाबदारी म्हणणार नाही. जबाबदारी द्यायची तर कामासोबत त्या कामातलं ठरवायचं पण मुलाच्या हातात द्यायला पाहिजे, मग ते पोरगं सात वर्षांचं का असेना. आमच्या शाळेत जे काही झालं ते या एका गोष्टीमुळे झालं असं माझं ठाम मत आहे.

बाल मंत्रिमंडळ आमच्याकडे पण होतं, सगळ्याच शाळांत असतं. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री, भिंतीवर नावं लिहिलेली, फोटो काढलेले. कल्पना चांगलीच आहे, पण होतं असं की जी तीनचार पोरं वाचण्यात-बोलण्यात पुढे असतात तीच सगळीकडे मंत्री होतात आणि बाकीची पोरं वर्षभर प्रजा. म्हणून आम्ही मंत्रिमंडळ ठेवलं पण त्याच्याखाली शाळेतल्या प्रत्येक पोराचं नाव येईल असा कामांचा तक्ता केला. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, ज्याला अजून अक्षर ओळखता येत नाही त्याचं सुद्धा.

सुरुवात ताटापासून केली. कारण ताट रोजचं आहे, प्रत्येकाचं स्वतःचं आहे आणि बिघडलं तरी फार नुकसान नाही. पहिलीच्या पोराला "ताट धुऊन ठेव" एवढं सांगून चालत नाही, त्याला ते एक काम वाटतं पण त्यात पाचसहा कामं असतात. उरलेलं बादलीत टाकायचं, एक मग पाणी घ्यायचं, बोटांनी कडेकडेने चोळायचं, पुन्हा अर्धा मग पाणी, ताट झटकायचं आणि रॅकमध्ये पालथं उभं करायचं. हे मी आधी दुसरीच्या पोरांना शिकवलं आणि त्यांनी पहिलीवाल्यांना. पोरं पोरांना फार चांगलं शिकवतात, ती आपल्यासारखी भराभर बोलत नाहीत, हात धरून दाखवतात.

आणि साधनं त्यांच्या मापाची पाहिजेत. हे डी.एड.ला असताना शिकले होते, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे 1957 पासून कोसबाडला आदिवासी पोरांसाठी जे काम केलं त्यात महागडी साधनं न घेता गावात मिळतं त्यातूनच मुलांना पेलेल असं सामान करून घेतलेलं होतं, ते डोक्यात पक्कं बसलंय. सहा वर्षांच्या पोराला भरलेली बादली उचलत नाही, तो ती ओढतो, अर्धी सांडतो, मग आपण म्हणतो याला काही येत नाही. आम्ही बादलीच्या जागी अर्ध्या लिटरचे मग आणले, केरसुण्या लहान घेतल्या, दप्तराचे खिळे पोरांच्या खांद्याएवढ्या उंचीवर ठोकले, फळा पुसायला खाली एक मजबूत पाट ठेवला. खर्च फार नाही, पण निम्मी "मॅडम, माले येत नही" तिथेच बंद झाली.

जेवणाचंच अजून एक सांगते, कारण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. पोषण आहारात पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ असा हिशोब असतो. तो शिजला की चांगलं भरलेलं ताट होतं, पहिलीच्या पोराला ते जात नाही आणि चौथीच्या पोराला परत लागतं. सगळ्यांना सारखंच वाढलं की रोज बादलीभर खिचडी वाया. आता आमच्याकडे प्रत्येक पोरगं वाढणाऱ्याला आधी सांगतं, थोडी, अर्धी का पूर्ण. पुन्हा हवी तर पुन्हा यायचं, कितीही वेळा, पण घेतलेलं टाकायचं नाही. पहिले काही दिवस पोरं हावरटासारखी "पूर्ण" म्हणायची आणि मग ताटासमोर रडवेली होऊन बसायची. मी दटावलं नाही, फक्त उद्या किती सांगशील एवढंच विचारायचे. आपल्याला किती भूक आहे हे आपल्यालाच कळायला पाहिजे, दुसऱ्याने का सांगायचं? आता पहिलीतलं पोरगं पण ताट पुढे करून "बस, बस" म्हणतं. गरम पातेल्याला मात्र पोरांनी हात लावायचा नाही, ते स्वयंपाकाच्या ताई लहान डब्यात काढून देतात, त्यातून चौथीची पोरं वाढतात. स्वावलंबनाच्या नावाखाली पोरं भाजून घ्यायची नाहीत.

झाडू हा विषय सगळ्यात अवघड. गावात झाडू हातात घेण्याला जातीचा आणि बाईपणाचा वास आहे, हे आपण मान्य करायलाच पाहिजे. नुसतं "कोण झाडणार?" असं विचारलं तर कोणत्या पोरी उठतात आणि कोणती पोरं बसून राहतात हे प्रत्येक शिक्षकाला माहिती आहे. म्हणून आमच्याकडे झाडणं, फळा, पाणी ही सगळी रोजची कामं चिठ्ठीने, दर सोमवारी, सगळ्यांच्या समोर. ज्याची चिठ्ठी निघाली त्याने करायचं, अदलाबदल करायची तर दोघांनी आपसात ठरवून फळ्यावर लिहायचं. आणि कोणतंही काम शिक्षा म्हणून द्यायचं नाही. उशिरा आला म्हणून झाडू दिला की संपलं, मग ज्याची चिठ्ठी निघते त्याला पण वाटतं माझं काहीतरी चुकलं असणार. संडास-मुताऱ्या पोरांकडून साफ करून घ्यायच्या नाहीत, हा पण आमचा पक्का नियम, त्याची सोय मोठ्यांनी करायची.

यावरून शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये चांगलंच तापलं होतं. एक आजोबा उभेच राहिले, "आम्ही पोऱ्याले शाळामा शिकाले धाडतस मॅडम, झाडू माराले नही." त्यांच्या मागे अजून तीनचार जणांच्या माना हलल्या. एक जण तर म्हणाले, आपल्या अमळनेरला साने गुरुजी पोरांचे कपडे स्वतः धुवायचे आणि तुम्ही पोरांकडून करून घेता. आता गुरुजींचं नाव घेतल्यावर आमच्या तालुक्यात कोणी पुढे बोलत नाही. 1924 ते 1930 प्रताप हायस्कूलमध्ये ते शिक्षक होते, छात्रालय त्यांच्याकडे होतं, आणि पोरांनी टाकून दिलेले कपडे ते धुवायचे, पसरलेल्या खोल्या आवरायचे हे इथे घराघरात सांगतात. पण त्याच गोष्टीचा पुढचा भाग असाय की ते बघून पोरांना कसंतरी वाटायला लागलं आणि ती आपलं आपण करायला लागली. मी मीटिंगमध्ये हेच म्हटलं, की गुरुजींनी काम हलकं मानलं नाही आणि पोरांनी ते बघितलं, तेच आम्ही करतोय. त्याच दिवशी तक्त्यात सगळ्यात वर हेडसरांचं आणि माझं नाव टाकलं. आमची पण चिठ्ठी निघते. हेडसर व्हरांडा झाडतात तेव्हा रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघतात, सर आपलं झाडत राहतात. ते आजोबा नंतर काही बोलले नाहीत, त्यांना अजून पटलेलं नसेल पण नातू रोज येतो.

आता दुसऱ्या प्रकारची कामं, ती मी राखणीची कामं म्हणते. घंटा, पुस्तकपेटी, खेळाचं साहित्य, परसबाग. ही महिनाभर एकाकडे आणि त्यातले नियम पण त्यानेच करायचे. खरी गंमत इथे आहे, खरी परीक्षा पण इथेच आहे, कारण इथे आपल्याला पोराचं ऐकावं लागतं.

घंटा तिसरीतल्या एका पोराकडे होती. वाचनात फार मागे, वर्गात मान खाली घालून बसणारा. घंटा वाजवायची तर घड्याळ यायला पाहिजे, म्हणून तो चौथीच्या पोरांना विचारून विचारून सव्वा, साडे, पावणे शिकला, मी शिकवलं नाही. एका दुपारी तो माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभा, "मॅडम, घड्याळ बंद पडनं." मी म्हटलं चालू तर दिसतंय, एक वाजून दहा मिनिटं झालीत. तो म्हणाला नाही, दीडची एसटी आत्ताच गेली. खरंच सेल संपला होता, काटा जागच्या जागी थरथरत होता. मी काही म्हणायच्या आत त्याने जाऊन घंटा वाजवली, शाळा जेवायला सुटली, आणि हा पळत दुकानावर जाऊन उधारीवर सेल घेऊन आला, मग माझ्याकडे पैसे मागितले. कोणी सांगितलं नव्हतं. वाचन अजून पण त्याचं अडखळतच आहे, घंटेने वाचन येत नाही, पण आता तो अडलं की विचारतो, आणि न विचारणाऱ्या पोराला शिकवणं किती अवघड असतं हे शिक्षकांना सांगायला नको.

पुस्तकपेटीची चावी ज्या पोरीकडे गेली ती तीच, भावाचं दप्तर वाहणारी. तिला अजून एक झाडायपुसायचं काम द्यायचं नाही हे मी ठरवूनच ठेवलेलं. तिने आल्या आल्या नियम केला की पहिलीच्या पोरांना पण चित्रांची पुस्तकं घरी न्यायला मिळतील. आमच्या हेडसरांना घाम फुटला, पुस्तकं हरवली तर ऑडिटला काय दाखवायचं. त्यांची काळजी खोटी नाही, पुस्तकं शाळेच्या नावावर असतात. मी सरांना म्हटलं की हे तुम्ही तिलाच विचारा. सरांनी विचारलं. तिने रात्री विचार केला असणार, दुसऱ्या दिवशी वहीत रकाने आखून आणले, नाव, पुस्तकाचं नाव, नेलं कधी, आणलं कधी, आणि शेवटचा रकाना "फाटलं का". फाटलं तर ज्याने फाडलं त्याने तिच्यासमोर बसून चिकटवायचं. सर बघतच राहिले. एकदोन पुस्तकं गेली, ती गेलीच, पण पेटी आधी वर्षातून कितीदा उघडत होती याचा हिशोब लावला तर पुस्तकं जागेवर राहून तरी काय उपयोग होता?

श्रावणात कानबाई देवीचा सण आला. आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, भाऊबंद सगळे एकत्र, रोट असतात, सोमवारी विसर्जन. त्या सोमवारी शाळेत निम्मी पोरं नसतात. चावीवाली पोरगी मामाच्या गावाला गेली आणि चावी पण तिच्यासोबत गेली. पेटी बंद. पोरं माझ्याकडे, मॅडम तुमच्याकडे दुसरी चावी आहे ना. होती, कपाटात. पण मी काढली नाही. म्हटलं चावी जिची आहे ती आल्यावर तिच्याशी बोला. मंगळवारी ती आली आणि पोरांनी तिला अक्षरशः घेरलं, ती रडायच्या बेतात आली होती. मी मध्ये पडले फक्त एवढ्यासाठी की एका वेळी एकानेच बोलायचं. शेवटी त्यांनीच ठरवलं की राखणीच्या प्रत्येक कामाला एक बदली पाहिजे आणि गावाला जायचं तर आदल्या दिवशी बदलीच्या हातात देऊन जायचं. हाच नियम मी कागदावर लिहून दिला असता तर आठ दिवस टिकला नसता. पोराचं काम बिघडलं की आपले हात शिवशिवतात, आपण पटकन ते आपल्याकडे घेतो, आणि तिथेच सगळं बसतं. काम बिघडू दे पण ते त्याचंच राहू दे, निदान जिथे कोणाला इजा होणार नाही तिथे तरी.

बक्षीस, स्टार, चॉकलेट यातलं काही ठेवलं नाही. चॉकलेट बंद झालं की काम बंद होतं. त्याऐवजी काय झालं ते सांगायचं, "आज पाणी भरलेलं होतं म्हणून पहिलीवाल्यांना थांबावं लागलं नाही" एवढंच. पोरांना ते पुरतं. काम झालं नाही तरी तसंच, ओरडायचं नाही, कोणाची अडचण झाली ते त्या पोरानेच सांगायचं.

पैशाचा व्यवहार बाल आनंद मेळाव्यात आला. एका चौथीतल्या पोऱ्याने घरून भाजलेले शेंगदाणे आणून पुड्या करून विकल्या, गल्ला मोजला आणि सगळाच नफा म्हणून उड्या मारायला लागला. शेजारी लिंबू सरबतवाली पोरगी, तिने साखर-लिंबू आईकडून पैसे घेऊन आणलेले, ती म्हणाली, "तुन्ही मायना शेंगदाणा फुकट उनात का?" म्हणजे तुझ्या आईचे शेंगदाणे फुकट आले का. तो गप्प झाला. मग दोघं खाली बसून हिशोब करायला लागली, शेंगदाण्याचा भाव काय, किलोत किती पुड्या, जळणाचं काय धरायचं. नफा निम्म्याच्या खाली आला पण तो त्याने आईला बरोबर मोजून दाखवला. गणिताच्या पुस्तकातला नफा-तोटा चौथीच्या पोराला इतका नीट कधी कळणार होता!

उन्हाळ्यात आमच्याकडे पारा 44 च्या वर जातो, शाळा सकाळची होते, आणि मग सुट्टीत झाडांना पाणी कोण घालणार हा प्रश्न दर वर्षी असतो. गेटजवळ लिंबाची लहान झाडं आहेत, एक आठवडा पाणी चुकलं तर गेली. याचं नियोजन आता पोरंच करतात आणि त्यात जी भांडणं होतात ती ऐकण्यासारखी असतात. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी कोणालाच नको असतं, पोरींना तर नाहीच नाही, त्या दिवशी झोके, गाणी, आलेल्या आत्या-मावश्या. काहींचे आईबाप सुट्टीत सुरतला कामाला जातात, ती पोरं तर गावातच नसतात. मागच्या वेळेस पोरांनी असं ठरवलं की जे सुरतला जाणार त्यांनी जायच्या आधीचे दिवस जास्त घ्यायचे आणि आखाजीला सकाळी सहाला पोऱ्यांनी पाणी घालायचं कारण पोरींचा सण मोठा. हे पोऱ्यांनी कबूल केलं, थोडी कुरकुर करून का होईना. एक झाड गेलं, बाकीची जगली.

घरी काय फरक पडला हे पण लोक विचारतात. काही आया सांगतात की पोरगं आता ताट उचलून ठेवतं, दप्तर रात्रीच भरतं. पण एका आजीने मला रस्त्यात थांबवून विचारलं की माझ्या नातवाला भांडी घासायला कोणी शिकवलं, आणि त्यांच्या आवाजात राग होता. म्हणजे शाळेत चिठ्ठी सगळ्यांची निघते, घरी अजून पोरीचीच निघते. यंदाच्या पालकसभेत मी हाच विषय घेणार आहे, आणि बोलणार मी नाही, चावीवाली पोरगी आणि घंटावाला पोरगा बोलणार आहेत, काय बोलायचं ते त्यांचं ते ठरवतायत. पोऱ्यांच्या बापांनी या सभेला यावं म्हणून वेळ संध्याकाळी सातची ठेवलीय, शेतातून आल्यावर. आयांना आधीच सांगून ठेवलंय की त्या दिवशी लहान्यांना बापाकडे देऊन या.